काडीमोडीनंतरचे हसू

सुखान्त नाटकाचा शेवट लग्नाने व्हावा, हा संकेत जगातील बहुतेक रंगभूमींनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला आहे. नायक-नायिका भेटतात, रुसतात, गैरसमजात सापडतात, वडीलधाऱ्यांचा विरोध सोसतात. आणि अखेर अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात व पाठोपाठ पडदाही पडतो. त्या पडद्यामागे पुढे काय झाले, हे विचारण्याची प्रेक्षकांस मुभा नसते. आज आम्ही श्रोत्यांना जिथे नेऊ इच्छितो, तो प्रदेश मात्र या पडद्यापलीकडचा आहे. लग्न मोडले, कागदोपत्री रीतसर मोडले, आणि त्यानंतर कोणी पुन्हा संसार मांडावयास निघाले, तर त्या प्रयत्नाची हसतखेळत सांगितलेली कथा कशी जन्मास आली, तिला कोणकोणत्या अडचणी आल्या, आणि ती अडचणींतून बाहेर कशी पडली, याचा इतिहास आम्हांस मांडावयाचा आहे.

विषय सिनेमाचा आहे आणि मुख्यतः अमेरिकेचा आहे. गंभीर श्रोत्यांपुढे तो का आणावा, अशी शंका कोणी घेईल. आमचे उत्तर असे, की एखादा समाज कोणत्या दुःखाची कीव करतो, हे पाहून त्याची जितकी ओळख पटते, त्याहून अधिक ओळख तो कोणाच्या सुखाला परवानगी देतो, हे पाहून पटते. लग्न मोडलेल्या स्त्रीसाठी अश्रू ढाळणे सोपे असते. तिला पुन्हा हसताना पाहणे समाजाला जड जाते. म्हणूनच या हास्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

प्रथम घरचेच उदाहरण घेऊ. गोविंद बल्लाळ देवलांचे 'शारदा' हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी ती मुलगी सुटते कशी? वधूवर सगोत्र असल्याचे ऐन लग्नाच्या वेळी उघडकीस येते आणि लग्न थांबते. देवलांना विवाह पूर्ण होण्यापूर्वीच तो अडवणे भाग होते. कारण सप्तपदी पूर्ण झाली असती, तर शारदेला सोडविण्याचा मार्ग ना शास्त्रात होता, ना कायद्यात. पुढे १९३७ साली पुण्याच्या प्रभात कंपनीने ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून 'कुंकू' हा बोलपट काढला, दिग्दर्शक व्ही. शांताराम. तेथे लग्न होऊन गेलेले आहे. नीरा वृद्ध पतीला पती मानावयास तयार नाही, आणि शांता आपट्यांनी उभी केलेली ती बंडखोर मुलगी प्रेक्षकांच्या मनातून आजही गेलेली नाही. पण तिची सुटका व्हावयाची तर काकासाहेबांना प्राण द्यावा लागतो. तिने पुन्हा योग्य माणसाशी लग्न करावे, अशी इच्छा मागे ठेवून ते आत्महत्या करतात. कथाकाराला दुसरे दारच नव्हते. नीरेला कागदावर मोकळे करणारा कायदा पुण्यात त्या वेळी असता, तर केशवराव दात्यांच्या त्या काकासाहेबांना कदाचित जगताही आले असते.

तात्पर्य इतकेच, की कथानकाला कुंपण घालण्याचे काम कायदा करतो. लेखकाची कल्पना कितीही उंच उडाली, तरी ती शेवटी त्या कुंपणाच्या आतच उतरते. आता हेच कुंपण पश्चिमेकडे कसे होते, ते पाहू.

इंग्लंडात १८५७ च्या कायद्याने घटस्फोट धर्मपीठाकडून दिवाणी न्यायालयाकडे आला. परंतु त्यास कारण एकच मान्य होते, ते म्हणजे व्यभिचार. पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होत असे. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रूरपणा, परित्याग असे आणखी काही दाखवावे लागे. हा पंक्तिप्रपंच १९२३ साली गेला, तरी मूळ कारण एकच राहिले. त्यात आणखी एक गंमत होती. दोघांनी संगनमताने अर्ज केल्याचे आढळले, तर न्यायालय घटस्फोट नाकारी. म्हणजे ज्या दोघांना विभक्त व्हावे असे मनापासून वाटत असे, त्यांना तसे म्हणण्याचीच बंदी! मग सभ्य माणसे काय करीत? पती समुद्रकाठच्या एखाद्या हॉटेलात जाई, वकिलाने ठरविलेली एक परकी बाई खोलीत बसे, सकाळी चहा घेऊन येणारी मोलकरीण दोघांना पाही, आणि पुढे तिची साक्ष होई. रात्रभर ती दोघे पत्ते खेळत बसलेली असत, असेही घडे. न करताच पाप पदरात घेण्याची ही तऱ्हा न्यायालयांना ठाऊक नव्हती असे नाही. पण कायद्याचे डोळे मिटलेले असले, की सर्वांनाच अंधारात चालावे लागते.

असल्या ढोंगावर विनोदकार तुटून पडले नसते तरच नवल. नोएल कॉवर्ड याचे 'प्रायव्हेट लाइव्ह्ज' हे नाटक १९३० साली लंडनला आले. घटस्फोट घेऊन पाच वर्षे झालेले एक जोडपे; दोघांनी दुसरी लग्ने केली आहेत; आणि मधुचंद्राच्या पहिल्याच रात्री फ्रान्समधील एका हॉटेलच्या शेजारशेजारच्या सज्जांत ती दोघे एकमेकांसमोर उभी ठाकतात! पुढचा गोंधळ सांगावयास नको. चार वर्षांनी ए. पी. हर्बर्ट यांनी 'होली डेडलॉक' ही कादंबरी लिहिली. दोन समंजस, प्रामाणिक माणसे परस्परांवर डूख न धरता विभक्त होऊ पाहतात आणि कायदा त्यांना पावलोपावली खोटे बोलावयास लावतो, हा तिचा विषय. हर्बर्ट एवढ्यावर थांबले नाहीत. १९३५ साली ते ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मतदारसंघातून पार्लमेंटात गेले, घटस्फोटाच्या सुधारणेचे विधेयक त्यांनी हाती घेतले, आणि १९३७ साली ते संमत करवून घेतले. क्रूरपणा, तीन वर्षांचा परित्याग व असाध्य वेड ही कारणे त्यामुळे कायद्यात आली. एका कादंबरीने कायदा बदलला असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या गोष्टीला लोक मनमोकळे हसले, तिचे गांभीर्याने समर्थन करणे पुढे कोणालाही सोपे गेले नाही, एवढे खचित.

येथे कालगणनेतील एक योगायोग नोंदवून ठेवू. ज्या १९३७ साली वेस्टमिन्स्टरला हा कायदा झाला, त्याच साली पुण्यात 'कुंकू' निघाला आणि त्याच साली हॉलिवुडमध्ये 'द ऑफुल ट्रुथ' हा घटस्फोटावरचा सर्वांत खेळकर चित्रपट तयार झाला. एकच प्रश्न, एकच वर्ष. पण एका ठिकाणी विधेयक, दुसऱ्या ठिकाणी आत्महत्या आणि तिसऱ्या ठिकाणी हास्याची कारंजी!

अमेरिकेत ही कारंजी कशी उसळली, ते समजण्यासाठी नेव्हाडा प्रांतातील रेनो या गावी जावे लागेल. अमेरिकेत लग्नाचे कायदे प्रांतागणिक वेगळे. न्यू यॉर्क प्रांतात १९६६ साली कायदा बदलेपर्यंत घटस्फोटाला व्यभिचाराखेरीज कारण चालत नव्हते. नेव्हाडा मात्र वाळवंटी, विरळ वस्तीचा आणि उत्पन्नाला वखवखलेला प्रांत. तेथे ठरावीक मुदत राहिले, की माणूस तेथला रहिवासी ठरे आणि त्याला तेथल्या सैल कायद्याचा लाभ मिळे. ही मुदत आधी सहा महिने होती. १९२७ मध्ये ती तीन महिने झाली, आणि १९३१ मध्ये, ज्या वर्षी त्या प्रांताने जुगारही कायदेशीर केला त्याच वर्षी, ती सहा आठवड्यांवर आली. पूर्वेकडच्या श्रीमंत बायका आगगाडीने रेनोला येत, गावाबाहेरच्या गुरांच्या वाड्यांवर उतरत, सहा आठवडे घोड्यावर बसावयास शिकत, आणि निकाल हाती पडला की परत जात. मोकळ्या झालेल्या बायका न्यायालयाजवळच्या ट्रकी नदीत लग्नाची अंगठी फेकतात, अशी दंतकथाही प्रसृत झाली. खानावळी, वकील, दागिन्यांचे दुकानदार सर्वांचे बरे चालले. मुक्तीचा असा हंगामी बाजार पूर्वी क्वचितच कोठे भरला असेल.

तेच १९३१ साल आपल्याकडेही विसरण्याजोगे नाही. त्याच वर्षी बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांच्या राजवटीत हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांताला असा कायदा करण्यास १९४७ साल उजाडावे लागले, आणि साऱ्या देशाला १९५५. रेनोचा कायदा उत्पन्नासाठी होता, बडोद्याचा सुधारणेसाठी. हेतू भिन्न, पण लग्न म्हणजे बाहेरून कडी घातलेली खोली नव्हे, ही कबुली दोघांनीही एकाच वर्षी दिली.

हॉलिवुडपुढे मात्र दुसरेच कुंपण होते. चित्रपट कंपन्यांनी १९३० साली स्वतःहून एक आचारसंहिता स्वीकारली होती, आणि १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या देखरेखीखाली तिची कडक अंमलबजावणी सुरू झाली. विवाहसंस्थेचे पावित्र्य राखलेच पाहिजे, हे तिचे एक कलम. त्याच वर्षी फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स यांचा एक संगीतपट आला. मूळ नाटकाच्या नावाचा अर्थ 'आनंदी घटस्फोट' असा होता; चित्रपटाचे नाव 'आनंदी घटस्फोटिता' अशा अर्थाचे झाले. घटस्फोट ही गोष्ट आनंदी असूच शकत नाही, फार तर ती बाई आनंदी असू शकेल, असा नियंत्रकांचा युक्तिवाद होता, असे सांगतात. एका अक्षराच्या फरकात एवढे नीतिशास्त्र!

प्रेक्षकांना तर घटस्फोटाच्या कथा हव्या होत्या. वर्तमानपत्रे त्यांनीच भरलेली असत. मग लेखक-दिग्दर्शकांनी एक नामी युक्ती काढली. जोडप्याने घटस्फोट घ्यावा, खुशाल घ्यावा. पण दुसऱ्याशी लग्न लागण्याच्या आत पुन्हा परस्परांच्याच गळ्यात पडावे! 'द ऑफुल ट्रुथ'मध्ये आयरीन डन आणि कॅरी ग्रँट हे जोडपे क्षुल्लक संशयावरून न्यायालयात जाते. निकाल कायम होण्यास नव्वद दिवसांचा अवधी असतो. मूल नाही, भांडण आहे ते कुत्र्याच्या ताब्याचे, आणि त्याचा निवाडा न्यायाधीश कुत्र्यावरच सोपवितात. नव्वदाव्या दिवशी मध्यरात्रीचे ठोके पडत असताना दोघांचा समेट होतो. या चित्रपटासाठी लिओ मॅक्केरी यांना दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले. १९४० साली 'हिज गर्ल फ्रायडे'मध्ये एक संपादक आपल्या घटस्फोटित बायकोला, जी त्याचीच उत्तम बातमीदारही आहे, दुसरे लग्न करू देत नाही. आणि त्याच वर्षीच्या 'द फिलाडेल्फिया स्टोरी'त कॅथरिन हेपबर्नचे दुसरे लग्न ऐन वेळी पहिल्याच नवऱ्याशी लागते. तिन्ही चित्रपटांत नायक कॅरी ग्रँट. पहिल्या दोहोंत बाजूला सारला जाणारा, गरीब स्वभावाचा, आईच्या धाकातला नवा वरही एकच नट, राल्फ बेलामी. त्या बिचाऱ्याचा दोष काय? त्याला विनोद कळत नाही, एवढाच.

हार्वर्डचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक स्टॅन्ली कॅव्हेल यांनी १९८१ साली या चित्रपटांवर एक ग्रंथ लिहिला आणि या प्रकाराला 'पुनर्विवाहाची सुखात्मिका' असे नाव दिले. विवाह म्हणजे दोन माणसांचा न संपणारा संवाद होय, तो खुंटला की विवाह संपला आणि तो पुन्हा सुरू झाला की पुन्हा लग्न लागले, असा अर्थ त्यांनी या कथांतून काढला. आणि त्यासाठी थेट मिल्टनचा आधार दिला. महाकवी मिल्टनने १६४३ साली घटस्फोटाच्या बाजूने एक पुस्तिका लिहिली होती, आणि विवाहाचे मुख्य प्रयोजन परस्परांस अनुरूप असा सहवास व संभाषण हेच होय, असे तीत प्रतिपादिले होते. कॅव्हेल यांचे विवेचन मार्मिक आहे. या चित्रपटांतली स्त्री नवऱ्याच्या तोडीस तोड बोलते, हरत नाही आणि रडत तर मुळीच नाही, हा त्या काळाच्या मानाने मोठाच लाभ होता.

तथापि या लाभाची किंमत आपण विसरता कामा नये. येथे 'नव्याने सुरुवात' म्हणजे जुन्याकडेच परतणे होते. घटस्फोट ही एक सहल होती. घरी परतावयाचे हे आधीच ठरलेले. नायिकेला पैशाची विवंचना नाही, पदरी मूल नाही, नवरा मूळचा चांगलाच आहे. ज्या स्त्रीचा नवरा चांगला नाही, जिला परतावयाचे नाही आणि जिच्या हाती दमडी नाही, तिची सुखात्मिका या चौकटीत बसत नव्हती. ती बसविण्यासाठी चौकटच मोडावी लागणार होती.

चौकट मोडली तीही गमतीने एका घटस्फोटानेच! अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली पॅरामाउंट व इतर कंपन्यांविरुद्धच्या खटल्यात निर्णय दिला आणि त्याच्या परिणामी बड्या कंपन्यांना स्वतःची चित्रपटगृहे विकून टाकावी लागली. चित्रे काढणारे आणि दाखविणारे यांच्या या विभक्तीला तिकडच्या कायद्याच्या परिभाषेत घटस्फोटाचाच शब्द वापरतात. चित्रपटगृहांना आता कंपनी देईल तेच चित्र घ्यावे लागेना. बाहेरच्या माणसाला पडदा मिळण्याची शक्यता निर्माण झाली. १९६८ मध्ये जुनी आचारसंहिता जाऊन तिच्या जागी वयोगटांनुसार वर्गवारी आली. आणि कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी, जे स्वतः घटस्फोटित होते, १९६९ साली ज्या कायद्यावर सही केली, त्याने १ जानेवारी १९७० पासून त्या प्रांतात कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळू लागला. कथेभोवतीची तीन कुंपणे बावीस वर्षांत पडली. आता उणीव होती ती स्वतःच्या हिमतीवर चित्र काढणाऱ्या कोणाची तरी.

ती व्यक्ती म्हणजे जोन मिक्लिन सिल्व्हर. त्यांचा जन्म १९३५ चा, नेब्रास्का प्रांतातील ओमाहा गावचा. पूर्ण लांबीचे चित्र दिग्दर्शित करावयाचे म्हणून त्या कंपन्यांच्या दारी गेल्या, तेव्हा स्त्री दिग्दर्शक म्हणजे नसती उठाठेव, अशा अर्थाचे उत्तर मिळाल्याचे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. त्यांचे पती राफेल सिल्व्हर इमारतींच्या धंद्यात होते. त्यांनी सुमारे पावणेचार लाख डॉलर उभे केले. हॉलिवुडच्या हिशेबी ही रक्कम चणेफुटाण्यांची. १८९६ च्या न्यू यॉर्कमधील गरीब ज्यू वस्ती त्यांनी ग्रिनिच व्हिलेजमधील एका गल्लीत उभी केली, चित्र कृष्णधवल ठेवले आणि संवाद बहुतांशी यिडिश भाषेत. १९७५ साली 'हेस्टर स्ट्रीट' तयार झाला, आणि तो घ्यावयास वितरक मिळेना. तेव्हा पतिपत्नींनी तो स्वतःच चित्रपटगृहांत लावला. त्याच वर्षी कान महोत्सवात तो दाखविला गेला, नायिका कॅरल केन हिला ऑस्करचे नामांकन मिळाले, आणि २०११ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहात जतन करण्याच्या यादीत त्याची नोंद झाली.

कथा अब्राहम काहान यांची. यिडिश भाषेतील 'फॉरव्हर्ट्‌स' या दैनिकाचे विख्यात संपादक म्हणून ज्यांची ख्याती झाली, त्यांनीच १८९६ साली इंग्रजीत 'येकल' ही लघुकादंबरी लिहिली. रशियातून आलेला नायक अमेरिकेत दाढी काढतो, नाव बदलून जेक होतो, कपडे शिवण्याच्या कारखान्यात राबतो, नृत्यशाळेत जातो आणि तेथे मेमी नावाच्या नटव्या, पैसा गाठीला बांधून असलेल्या मुलीच्या नादी लागतो. मागाहून त्याची बायको गिटल मुलाला घेऊन बोटीतून उतरते, ती धर्माज्ञेप्रमाणे केस झाकलेली, भेदरलेली, गावठी. जेकला तिची लाज वाटते. घरात भाड्याने राहणारा बर्नस्टाइन नावाचा एक पोथ्यांतला माणूस मात्र तिला माणूस म्हणून वागवितो. जेकला घटस्फोट हवा असतो. येथून विनोद सुरू होतो.

हा विनोद समजावा म्हणून ज्यू धर्मशास्त्रातील एक नियम सांगितला पाहिजे. ज्यूंमध्ये घटस्फोट पतीने द्यावयाचा असतो. 'गेट' नावाचे बारा ओळींचे पत्र लेखनिकाने हाताने लिहावयाचे आणि ते पतीने पत्नीच्या ओंजळीत टाकावयाचे. परंतु इसवी सनाच्या सुमारे १००० साली ऱ्हाइनकाठचे धर्मगुरू गेर्शोम यांच्या नावाने एक निर्बंध रूढ झाला: पत्नीच्या संमतीवाचून तिला घटस्फोट देता येणार नाही. जेकच्या वाटेत हा साडेआठशे वर्षांहून जुना निर्बंध आडवा येतो. मेमीचा वकील गिटलकडे येतो आणि तिच्या संमतीसाठी पैसे देऊ करतो. गिटल काहीच बोलत नाही. तिच्या मौनाने गोंधळून तो आकडा वाढवितो. ती तशीच गप्प. तो आणखी वाढवितो. भाषा न येणाऱ्या, कालपर्यंत उंबरठ्याबाहेर पाऊल टाकावयास घाबरणाऱ्या त्या बाईच्या मुद्रेवर एक बारीकशी रेषा उमटते, आणि घासाघीस म्हणजे काय हे न शिकताच ती मेमीची सारी पुंजी पदरात पाडून घेते! चित्रपटगृहात येथे जो हशा पिकतो, त्याला सूडाची नव्हे, न्यायाची चव आहे.

मग राब्बीपुढे विधी होतो. ओंजळ पसरणे, त्यात कागद पडणे, तो कागद घेऊन चालून दाखविणे, सारे कसे गंभीर, जवळजवळ लग्नासारखे. पुरुषाने लगेच लग्न केले तरी चालेल, स्त्रीला मात्र सुमारे तीन महिने थांबावे लागेल, हेही सांगितले जाते. काहान यांच्या पुस्तकाचा शेवट जेकजवळ होतो. दुसऱ्या लग्नासाठी जाताना त्याच्या मनात आपणच हरलो ही टोचणी असते. सिल्व्हर यांनी आपला कॅमेरा गिटलकडे वळविला. चित्राच्या अखेरीस दोन जोडपी रस्त्याने चालताना दिसतात. जेक आणि मेमी पैशाची काटकसर करीत निघाली आहेत. गिटल आणि बर्नस्टाइन मुलाला घेऊन किराणा दुकान काढण्याचा बेत करीत आहेत. आणि तिचे केस आता मोकळ्या उन्हात दिसत आहेत. पुनर्विवाहाच्या श्रीमंती सुखात्मिकांनी जे चाळीस वर्षे टाळले, ते या गरीब चित्राने करून दाखविले. बाई जुन्याकडे परतली नाही, आणि तिला शिक्षाही झाली नाही.

आता श्रोत्यांनी या गिटलशेजारी आपल्या एका थोर स्त्रीला उभे करून पाहावे. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते. नांदावयास येत नाही म्हणून पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबईत दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निर्णय दिला. परंतु १८८७ मध्ये पतीकडे जा, नाही तर सहा महिने कैदेत जा, असा हुकूम झाला. त्यांनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. गिटलला संमतीबद्दल पैसे मिळाले. रखमाबाईंना मोकळीक पैसे देऊन घ्यावी लागली, आणि तीही खरी मोकळीक नव्हे, कारण लग्न कायद्याने मोडलेच नाही. दादाजींनी दुसरे लग्न केले. रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली; पण १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा ज्याच्या घरी त्या कधी नांदल्या नाहीत, त्याच्या नावाने त्यांनी वैधव्याचा वेष घेतला. १९५५ च्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रखमाबाई निवर्तल्या. त्यांच्या आयुष्यावर मोठी शोकात्मिका लिहिता येईल, वीरगाथाही लिहिता येईल. सुखात्मिका मात्र लिहिता येणार नाही. ती शक्यताच त्यांच्यापासून काढून घेण्यात आली होती.

याचा अर्थ महाराष्ट्रात लग्न मोडण्याची आणि पुन्हा जुळविण्याची रीतच नव्हती, असा मात्र नव्हे. कितीतरी जातींत काडीमोड होती, पाट होता. जातपंचायतीपुढे काडी मोडली की नाते मोडले. १९५५ च्या कायद्यानेही अशा रूढीने चालत आलेल्या घटस्फोटांना संरक्षण दिले आहे. सुधारणेचा टेंभा मिरविणाऱ्या वरच्या थरांना जे शे-दीडशे वर्षे साधले नाही, ते शेतकरी-कष्टकऱ्यांच्या घरांत आधीपासून होते. पण पाट कसा लागत असे? बहुधा रात्री, चार माणसांत, वाजंत्रीवाचून. पहिल्या लग्नाचा थाट दुसऱ्याला नाही. म्हणजे समाजाने परवानगी दिली, पण उजेड दिला नाही. नव्या कायद्यानेही सुरुवातीस तेच केले. घटस्फोटाच्या हुकुमानंतर वर्षभर पुनर्विवाह करावयाचा नाही, अशी अट त्यात होती. ती १९७६ च्या दुरुस्तीने गेली, आणि त्याच दुरुस्तीने परस्परसंमतीचा घटस्फोट आला. हर्बर्टच्या कादंबरीतील जोडप्याला जे म्हणण्याची बंदी होती, ते म्हणण्याची मुभा आपल्याकडे चार दशकांनी मिळाली.

'हेस्टर स्ट्रीट'नंतर वाट रुंदावली. १९७८ साली पॉल मझुर्स्की यांच्या 'ॲन अनमॅरिड वूमन'ची नायिका नवऱ्याने टाकल्यावर पुन्हा प्रेमात पडते. पण प्रियकराच्या पाठीमागे आपले शहर सोडून जात नाही. २०१३ साली निकोल होलोफसेनर यांनी 'इनफ सेड' काढला. मालिश करून पोट भरणारी एक घटस्फोटिता, वयाने प्रौढ, मुलगी कॉलेजसाठी घर सोडून निघालेली. तिला तसाच एक स्थूल, साधा, घटस्फोटित गृहस्थ आवडू लागतो. दुर्दैव असे, की तिची नवी मैत्रीण आपल्या आधीच्या नवऱ्याची जी गाऱ्हाणी रोज सांगते, तो नवरा म्हणजे हाच! त्या गृहस्थाची भूमिका जेम्स गँडोल्फिनी यांनी केली. चित्र प्रदर्शित होण्याच्या तीन महिने आधी ते वारले. येथे कायदा नाही, राब्बी नाही, रेनोची आगगाडी नाही. कुंपणे सारी पडल्यावर उरतो तो एकच प्रश्न: एकदा पोळलेल्या माणसाने दुसऱ्या माणसाकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, की पहिल्याच्या अनुभवाच्या चष्म्यातून? बाहेरचे कुंपण पाडणे कायद्याला जमते. हे आतले कुंपण ज्याचे त्यानेच पाडावे लागते.

या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष काढताना घटस्फोटाची भलावण करण्याचा आमचा मानस नाही. मोडलेल्या लग्नात दुःख असते, मुलांची ओढाताण असते, आणि ज्यांना ते टाळता येईल त्यांनी टाळावे. परंतु ज्यांना टाळता आले नाही, त्यांच्याशी समाजाने कसे वागावे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. आपण सभ्य माणसे अशा स्त्रीला सहानुभूती देतो, क्वचित नोकरी देतो, तिच्या धैर्याचे कौतुकही करतो. मात्र ती हळदीकुंकवाला आली, रंगीत साडी नेसली, एखाद्या संध्याकाळी कोणाबरोबर मनमुराद हसताना दिसली, की आपल्या भुवया उंचावतात. दुःखी राहण्याच्या अटीवर दिलेली सहानुभूती ही एक प्रकारची कैदच आहे. तिचे गज सोन्याचे आहेत, इतकेच.

कायद्याने माणसाला मोकळे होण्याचा हक्क दिला, ही गेल्या शतकाची कमाई. त्या मोकळिकीत आनंदाने जगण्याचा हक्क मात्र कोणत्याही विधिमंडळाला देता येत नाही. तो शेजारीपाजारी, भाऊबंद, आप्तेष्ट म्हणजे तुम्ही-आम्हीच द्यावयाचा असतो. गिटल भर दुपारी, उघड्या केसांनी, दुकानाचा बेत करीत रस्त्याने जाते आणि कोणी तिच्याकडे वळून पाहत नाही. तसे चालता यावे इतका रुंद रस्ता आपल्याही गावात असावा, एवढेच आमचे मागणे आहे.